उड्डाणात एक वैमानिक असमर्थ झाला तर दुसऱ्याने काय करायचे

वैमानिक छाती धरून कोसळला, तर शेजारच्याला लगेच कळते. खरी अडचण दुसऱ्या प्रकाराची. डोळे उघडे, हात कंट्रोलवर, मान सरळ, पण माणूस भानावर नाही. ऑटोपायलट विमान सरळ नेत असतो, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. म्हणून ओळखण्याचा नियम ठरलेला आहे: दोनदा बोलूनही नीट उत्तर आले नाही, किंवा विमान ठरलेली उंची, वेग वा मार्ग सोडत असताना एकदा टोकूनही उत्तर आले नाही, तर शेजारचा असमर्थ आहे असे धरून चालायचे. ‘ऐकू गेले नसेल’ म्हणून तिसऱ्यांदा विचारत बसायचे नाही, आणि समोर वरिष्ठ कॅप्टन आहे म्हणून तर मुळीच नाही.

टेकऑफच्या धावेत एअरबसवर 100 नॉट्सला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), बोइंगवर 80 नॉट्सला एक वैमानिक वेगाचा पुकारा करतो आणि त्याला दुसऱ्याचे उत्तर यावेच लागते. दोन्ही वेगमापक जुळतात का हे त्यातून तपासले जाते. पण उत्तर आलेच नाही, तर वैमानिकाची अवस्थाही त्याच क्षणी उघड होते. उतरतानाच्या पुकाऱ्यांचेही तसेच. ती उत्तरे सवयीने पुटपुटू नयेत आणि पुटपुटलेली चालवून घेऊ नयेत. या धोक्याचे एक उदाहरण: 18 जून 1972 रोजी लंडनजवळ स्टेन्स येथे ट्रायडंट विमान पडून 118 जण दगावले. पंखांच्या पुढच्या कडेचे ड्रूप्स (कमी वेगातही विमान तोलून धरणारे, खाली वळणारे भाग) पुरेसा वेग नसताना आत घेतले गेले आणि कॉकपिटमधल्या कोणाकडूनही ते वेळेत सुधारले गेले नाही. कॅप्टनला हृदयविकार होता, हे शवविच्छेदनात दिसले.

संशय पक्का होताच मोठ्याने ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हाती घ्यायचे. एअरबसवर साइडस्टिकवरचे (प्रत्येक वैमानिकाच्या बाजूच्या छोट्या नियंत्रण-दांड्यावरचे) टेकओव्हर बटण दाबून धरायचे. ते दाबले नाही तर दोन्ही स्टिकचे इशारे एकमेकांत मिसळतात आणि बेशुद्ध माणसाच्या हाताचा दाबही विमानापर्यंत पोहोचतो. बटण 40 सेकंदांहून जास्त धरले की समोरची स्टिक बंदच होते. मग बोट काढले तरी चालते. बोइंगच्या पारंपरिक विमानांत दोन्ही कंट्रोल कॉलम (समोरचे नियंत्रण-दांडे) एकमेकांना जोडलेले असल्याने पुढे कललेल्या देहाचे वजन स्वतःच्या हातांनी पेलावे लागते. विमान स्थिर झाले की ऑटोपायलट लावायचा आणि स्विच, लिव्हर जागेवर आहेत का ते पाहायचे. तोपर्यंत आजाऱ्याकडे वळायचे नाही, मग तो कितीही जवळचा सहकारी असो.

पुढचे काम केबिन क्रूचे. बोलावताच त्यांनी खांद्यांचे पट्टे घट्ट ओढून कुलूपबंद करावेत, आसन पूर्ण मागे सरकवावे, पाठ कलती करावी, हात पट्ट्यांखाली अडकवावेत आणि पाय रडर पेडलपासून (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्ट्यांपासून) दूर घ्यावेत. याला शक्यतो दोघे लागतात. श्वास चालू असेल तर ऑक्सिजन मास्क 100 टक्क्यांवर. देह खुर्चीतून बाहेर काढण्याची घाई नको: जागा अरुंद असते आणि ओढाताणीत थ्रस्ट लिव्हरला (इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्याला) धक्का लागू शकतो. प्रवाशांत डॉक्टर आहे का, तसेच त्याच प्रकारच्या विमानाचा परवाना असलेला वैमानिक आहे का, हेही विचारावे. एक क्रू सदस्य कॉकपिटमध्येच थांबवावा.

आता रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा पुकारा, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) 7700 हा आपत्कालीन कोड आणि उतरल्यावर वैद्यकीय मदत हवी असल्याची सूचना. विमानतळ निवडताना केवळ जवळचा नव्हे, तर हवामान, धावपट्टीची लांबी आणि रुग्णालय पाहावे. सगळी कामे एकट्यावर असल्याने चेकलिस्ट आणि अॅप्रोचची (उतरण्यासाठी धावपट्टीकडे जाण्याची) तयारी नेहमीपेक्षा लवकर संपवावी, रडार व्हेक्टर्स (नियंत्रकाने सांगितलेल्या दिशा) आणि लांब फायनल (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा सरळ टप्पा) मागावी. आपल्याच आसनावरून उतरावे. जागा बदलू नये. आजारी वैमानिक शुद्धीवर आला, ‘आता बरे वाटते’ म्हणाला, तरी त्याच्या हाती विमान पुन्हा देऊ नये.

कॉकपिटमध्ये एकटाच असलेला वैमानिक बेशुद्ध झाला, तर प्रश्न कॉकपिटच्या कुलूपबंद दाराचा. 17 फेब्रुवारी 2024 रोजी फ्रँकफर्टहून सेव्हिलला जाणाऱ्या एअरबस ए321 मध्ये कॅप्टन शौचालयात असताना को-पायलट बेशुद्ध पडला आणि विमान सुमारे 10 मिनिटे ऑटोपायलटवर उडत राहिले. नेहमीच्या कोडने दार उघडेना, तेव्हा कॅप्टनने आपत्कालीन कोड वापरला. हा कोड दाबला की आत इशारा वाजतो आणि आतून नकार आला नाही तर ठरावीक वेळाने कुलूप सुटते. तो प्रत्येक क्रू सदस्याला पाठ हवा.

असमर्थतेचे सर्वाधिक आढळणारे कारण मात्र पोटाचा बिघाड हेच आहे. त्यामुळेच दोन्ही वैमानिकांनी वेगवेगळे जेवण घ्यावे, अशी पद्धत आहे.

उतरल्यावर एक बारकावा राहतो. काही विमानांत, विशेषतः अनेक 737 मध्ये, नाकाचे चाक वळवणारा टिलर फक्त कॅप्टनच्या बाजूला असतो. फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) एकटा असेल तर त्याने धावपट्टीवरच थांबावे, पार्किंग ब्रेक लावावा आणि टग (विमान ओढणारे वाहन) मागवावा. रुग्णवाहिका व शिडी तिथेच येईल, हे टॉवरला उतरण्याआधीच सांगून ठेवावे.