लिस्बनमध्ये अंगोलाचे नृत्यसंगीत कसे शोधावे

पोर्तुगालला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या कार्यक्रमात फादू या पोर्तुगीज पारंपरिक गायनाची एक संध्याकाळ बहुधा ठरलेलीच असते आणि ती ऐकावी, याबद्दल दुमत नाही. पण त्याच लिस्बन शहरात आफ्रिकेतील अंगोला या देशाचे नृत्यसंगीत गेली पन्नास वर्षे रुजलेले आहे आणि पर्यटकांसाठी छापलेल्या माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पोर्तुगालच्या सत्तेतून मुक्त झाला, त्याबरोबरच तेथे यादवी युद्ध पेटले आणि ते २००२ पर्यंत चालले. त्या काळात देश सोडलेल्या अनेक कुटुंबांनी लिस्बन आणि त्याच्या उपनगरांत घर केले, त्यामुळे अंगोलाची राजधानी लुआंडा हिच्यानंतर हे संगीत ऐकण्यासाठी लिस्बनइतके सोयीचे दुसरे शहर नाही. गोव्यातील ज्या वाचकांचे नातेवाईक पोर्तुगालमध्ये स्थायिक आहेत, त्यांना तर तेथे जाण्याचे निमित्तही शोधावे लागत नाही.

बहुतेक लोक या संगीतापर्यंत उलट्या मार्गाने पोहोचतात. युरोपातील एखाद्या नृत्यमहोत्सवात किझोंबा या अंगोलन जोडीनृत्याची कार्यशाळा करतात, चार पावले शिकतात आणि अंगोलाचे संगीत कळले असे मानतात. त्या सभागृहांत वाजणारे संगीत पुष्कळदा पॅरिसमध्ये घडलेल्या ‘अर्बन किझ’ या नव्या शैलीसाठी निवडलेले असते. ती शैली वाईट नाही, परंतु तिच्यावरून लुआंडाचा अंदाज येत नाही. म्हणून आधी कान तयार करावा, मग दिवसाउजेडी जेथे अंगोलन माणसे भेटतात तेथे जावे आणि रात्रीच्या नाचाचे ठिकाण त्यानंतर निवडावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

कान तयार करण्याची सुरुवात सेंबापासून करावी. सेंबा हे लुआंडाच्या मुसेक नावाच्या गरीब वस्त्यांत वाढलेले शहरी संगीत आहे. १९४७ मध्ये लिसेउ व्हिएइरा दियश आणि त्यांच्या साथीदारांनी ‘न्गोला रित्मुश’ हा संघ स्थापन करून किंबुंडू भाषेतील गाणी आणि ढोलांचे ताल गिटारवर आणले. वसाहतवादी राजवटीत स्थानिक भाषेत गाणे हीच राजकीय कृती होती, आणि पुढे व्हिएइरा दियश यांना पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या बेटांवरील ताराफालच्या तुरुंगात अनेक वर्षे काढावी लागली. ऐकताना प्रथम दिकान्झाकडे लक्ष द्यावे. आडव्या खाचा असलेला हा लांब बांबू काडीने घासून वाजवतात आणि त्याची अखंड खरखर गाण्याला पुढे ढकलत राहते. ती एकदा कानाने पकडली, की तिच्यावर स्वार होणारी गिटारची छोटी, पुन्हा पुन्हा येणारी वळणे आपोआप वेगळी ऐकू येतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा काळ या संगीताचा सर्वांत समृद्ध काळ मानला जातो. ‘ओश किएझुश’ आणि ‘जोव्हेन्श दु प्रेंदा’ हे त्या काळातले वाद्यवृंद ऐकावेत. ‘अ‍ॅनालॉग आफ्रिका’ या जर्मन कंपनीने २०१० मध्ये १९६८ ते १९७६ या काळातील लुआंडाच्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह काढला, तो नवख्या श्रोत्याला फार उपयोगी पडतो.

गायकांमध्ये बोंगा यांना टाळून पुढे जाता येत नाही. ते पोर्तुगालमध्ये चारशे मीटर धावण्याच्या शर्यतीचे विक्रमवीर होते, स्वातंत्र्य चळवळीशी असलेल्या संबंधांमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि १९७२ मध्ये त्यांनी नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात आपला पहिला संग्रह ध्वनिमुद्रित केला. त्यांचा घोगरा आवाज ऐकल्यावर सेंबा म्हणजे केवळ आनंदाचे संगीत हा समज टिकत नाही. दाव्हिद झे, उर्बानु द काश्त्रु आणि आर्तुर नुनिश या तीन लोकप्रिय गायकांची नावेही लक्षात ठेवावीत. २७ मे १९७७ च्या उठावानंतर झालेल्या दडपशाहीत तिघेही मारले गेले. वयस्कर अंगोलन माणसांसमोर ही गाणी लागली, तर त्या विषयावर लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये. त्यांनी बोलायला सुरुवात केली तर ऐकावे.

सेंबा ओळखता येऊ लागला, की किझोंबा सोपा होतो. १९८० च्या दशकात कॅरिबियन बेटांतील झूक संगीत लुआंडात लोकप्रिय झाले, तेथील तरुण संगीतकारांच्या हाती सिंथेसायझर आणि ड्रम मशिन आले, आणि सेंबाच्या पायावर हे संथ, जवळ धरून नाचायचे संगीत उभे राहिले. एदुआर्दु पाइम यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. पाउलु फ्लोरेश यांच्या गाण्यांत सेंबा आणि किझोंबा दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येतात, म्हणून दोहोंतील नाते समजण्यासाठी त्यांच्यापासून सुरुवात करणे श्रेयस्कर. किझोंबाहूनही संथ आणि जागच्या जागी नाचली जाणारी ताराशिन्या ही त्याची धाकटी शाखा.

कुदुरू हा अंगोलाचा आणखी एक नृत्यसंगीत प्रकार मात्र वेगळ्याच जगातून येतो. १९९० च्या दशकात, युद्ध चालू असताना, लुआंडातील तरुणांनी युरोपीय टेक्नो आणि हाऊस संगीताचे तुकडे घेऊन त्यांवर कॅरिबियन आणि स्थानिक ताल चढवले आणि मिनिटाला १३० ते १४० ठोक्यांच्या वेगावर ओरडून म्हणावयाचे शब्द बसवले. या प्रकाराचे जनक मानले जाणारे टोनी अमादु यांनी त्यातील नाच जाँ-क्लोद व्हान डाम या अभिनेत्याच्या एका चित्रपटातील नृत्यावरून सुचल्याचे सांगितले आहे. भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या माणसांची चालही त्या नाचात उतरली आहे. रेडिओने दखल घेण्याआधी हे संगीत कांदोंगेइरु म्हणजे लुआंडातील निळ्या-पांढऱ्या प्रवासी व्हॅनमधून शहरभर पसरले. चालकाने लावलेले गाणे प्रवाशांना आवडले, की दुसऱ्या दिवशी बाजारात त्याची मागणी होई. पहिल्यांदा ऐकताना कुदुरू कर्कश वाटू शकतो. तो घरी हेडफोनवर ऐकून निकाल देऊ नये, कारण तो मोठ्या स्पीकरसमोर आणि नाचणाऱ्यांच्या गर्दीत ऐकण्यासाठीच रचलेला आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लिस्बनमधील आफ्रिकी संगीत म्हणजे सगळे अंगोलाचे नव्हे. अ‍ॅकॉर्डियनवर वेगाने वाजणारा फुनाना आणि करुण चालीचा मोर्ना हे केप व्हर्देचे आहेत. किझोंबा म्हणून वाजणाऱ्या पुष्कळ गाण्यांचे गायकही मूळ केप व्हर्देचे असतात, आणि शब्द पोर्तुगीजऐवजी क्रिओल भाषेतले असतात. श्रेय कोणाचे, यावर दोन्ही समाजांत मिश्कील वाद चालतो. पाहुण्याने त्यात बाजू न घेता गाणे कोणाचे आणि कुठले, एवढेच विचारावे.

प्रवासाला निघण्यापूर्वी आणि लिस्बनमध्ये पोहोचल्यावरही सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ‘आरडीपी आफ्रिका’ हे पोर्तुगालचे सरकारी रेडिओ केंद्र. लिस्बनमध्ये ते १०१.५ एफएमवर लागते आणि इंटरनेटवरून मुंबई-पुण्यातही ऐकता येते. पोर्तुगीज येत नसले, तरी निवेदक गाण्यापूर्वी किंवा नंतर घेतात ती नावे टिपून ठेवावीत. गाणे ओळखणारी मोबाइल अ‍ॅप्स जुन्या सेंबाच्या बाबतीत अनेकदा निरुत्तर होतात, म्हणून वहीवरच अधिक भरवसा ठेवावा. किंबुंडू नावांचे रोमन लेखन ठरलेले नसते. ‘क’च्या जागी कधी के, कधी सी, तर कधी क्यू आढळतो, त्यामुळे एकाच नावाचा शोध दोन-तीन प्रकारे घ्यावा लागतो.

शहरात पहिली पायरी जेवणाची ठेवावी. अंगोलन घरांत शनिवारचे दुपारचे जेवण लांबते, आणि लिस्बनमधील काही अंगोलन खानावळींतही त्याच दिवशी फुंजे रांधले जाते. कसावाच्या किंवा मक्याच्या पिठाचे हे घट्ट, चिकट अन्न कोंबडीच्या मुआंबाबरोबर, म्हणजे पाम तेलातील रश्श्याबरोबर, किंवा माशाबरोबर खातात. शाकाहारी माणसाने पाम तेलात शिजवलेल्या घेवड्याची मागणी करावी, मात्र त्यात सुकी मासळी नाही ना, हे आधीच विचारून घ्यावे. जिंदुंगु ही तिखट मिरची मराठी जिभेला परकी वाटणार नाही. जेवण संपत आले, की मालकाला किंवा वाढणाऱ्याला या आठवड्यात कोठे सेंबा वाजणार आहे, असे विचारावे. महाजालावरील कोणत्याही यादीपेक्षा हे उत्तर ताजे असते, कारण असे अनेक कार्यक्रम ओळखीच्या लोकांतच जाहीर होतात.

जुन्या तबकड्यांची आवड असलेल्यांनी कांपु द सांता क्लारा येथे मंगळवारी आणि शनिवारी भरणारा ‘फेइरा दा लाद्रा’ हा जुना बाजार चुकवू नये. सकाळी लवकर जावे. ‘न्गोला’, ‘रेबिता’ आणि ‘मेरेंगे’ या तीन लेबलांच्या छोट्या तबकड्या दिसल्या, तर त्या स्वातंत्र्यापूर्वीच्या अंगोलन बाजारासाठी निघालेल्या असण्याची शक्यता मोठी असते. चांगल्या प्रती संग्राहकांनी केव्हाच उचलल्या आहेत, त्यामुळे ओरखडे नीट पाहूनच भाव करावा.

रात्रीसाठी मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील स्थानक काइश दु सुद्रे लक्षात ठेवावे. नदीकाठच्या या भागात ‘बी. लेझा’ हे आफ्रिकी संगीताचे जुने ठिकाण आहे. त्याचे नाव केप व्हर्देच्या एका संगीतकारावरून घेतलेले असले, तरी तेथे अंगोलन वाद्यवृंद आणि किझोंबाही असतात. याच भागातील ‘म्युझिकबॉक्स’ या क्लबमध्ये २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रिन्सिप’ या ध्वनिमुद्रण संस्थेच्या नाचाच्या रात्री गाजल्या. उपनगरांतील अंगोलन, केप व्हर्देयन आणि साओ तोमे येथील कुटुंबांच्या मुलांनी कुदुरूपासून पुढे नेलेले ‘बातिदा’ हे संगीत या संस्थेने जगासमोर आणले. त्याआधी २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘बुराका सोम सिस्तेमा’ने कुदुरू युरोपभर पोहोचवला होता, आणि त्या गटाच्या नावातील बुराका हा लिस्बनला लागून असलेल्या आमादोरा शहराचा भाग आहे. कार्यक्रमांचे वेळापत्रक बदलत राहते, म्हणून त्याच आठवड्यात खात्री करावी. रात्रीचे नाच मध्यरात्रीनंतरच रंगतात आणि मेट्रो एकच्या सुमारास बंद होते, तेव्हा परतीच्या टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवावेत. ज्यांना जागरण नको, त्यांनी रविवारी दुपारी किंवा संध्याकाळी होणारे किझोंबाचे नाच शोधावेत. माझ्या मते तेच अधिक चांगले, कारण तेथे आजी-आजोबाही नाचताना दिसतात आणि नवशिक्याला सांभाळून घेतले जाते.

आमादोरा किंवा लोउरेश येथील वस्त्या केवळ ‘खरे संगीत’ पाहायला म्हणून कॅमेरा घेऊन हिंडण्याच्या जागा नव्हेत. तेथे कोणी बोलावले तर जावे, एरवी लोकांचे घरदार पर्यटनस्थळ करू नये.

नाचाच्या जमिनीवरचे शिष्टाचार साधे आहेत. किझोंबात जोडीदार छातीशी जवळ धरलेला असतो. आपल्याकडील अनेकांना त्याचा संकोच वाटतो, तर काहींचा त्यातून भलताच गैरसमज होतो, आणि हा गैरसमज अधिक घातक आहे. ती जवळीक एका गाण्यापुरती असते, ताल शरीरातून कळवण्यासाठी असते, त्यापलीकडे तिचा अर्थ लावू नये. नकार मिळाला तर हसून बाजूला व्हावे, कारण विचारू नये. मोकळ्या अंतरावर नाचायचे असेल, तर तसे सुरुवातीलाच सांगणे कोणालाही खटकत नाही. पहिल्या गाण्यात फिरक्या आणि करामती करण्याऐवजी फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत चालावे. सेंबा लागला की वेग वाढतो, पावलांत थट्टा-मस्करी येते, आणि अशा वेळी नवख्याने कडेला उभे राहून पाहण्यात कमीपणा नाही. चित्रीकरणासाठी नाचणाऱ्यांची परवानगी घ्यावी.

लुआंडाला जाण्याची संधी कामानिमित्त मिळाली, तर ती कार्निव्हलच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीस साधता येते का ते पाहावे. समुद्रकाठच्या मार्गावर निघणाऱ्या मिरवणुकीत वस्त्या-वस्त्यांचे गट सेंबा तसेच काझुकुता आणि काबेतुला ही कार्निव्हलची नृत्ये सादर करतात. गोव्याचा कार्निव्हल पाहिलेल्यांना पोर्तुगीज सत्तेची खूण दोन्हीकडे दिसेल, पण लुआंडातील ढोल ऐकताच साम्य कोठे संपते, तेही कळेल.

परतल्यावर सराव सुटू नये म्हणून मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू येथील साल्सा आणि बचाता शिकवणाऱ्या वर्गांकडे चौकशी करावी, त्यांपैकी काही किझोंबाही शिकवतात. प्रवेश घेण्यापूर्वी शिक्षकांना ते सेंबा शिकवतात का, आणि वर्गात कोणत्या अंगोलन गायकांची गाणी लावतात, हे दोन प्रश्न विचारावेत.