गोधडीला फोल्डरने गोट कसा लावावा

गोधडीचे टाके घालून झाले की उरतं ते गोटाचं, म्हणजे कडेला पट्टी लावण्याचं, काम, आणि बऱ्याच गोधड्या नेमक्या तिथेच अडून बसतात. 60 बाय 90 इंचाची गोधडी घेतली तर चारी कडा मिळून 300 इंच होतात. पट्टी आधी सरळ बाजूने टीप मारून लावायची, उलटवायची आणि मग मागून तेवढीच 300 इंच हातशिलाई. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी दिवाळी झाली की जुन्या साड्यांच्या गोधड्या निघतात, आणि एके वर्षी गोटावाचून राहिलेल्या तीन गोधड्या कपाटात पाहिल्यावर मी फोल्डर शिकायला घेतला. आता एका गोधडीचा गोट एका दुपारी होतो. पट्टी नीट तयार असेल तरच, हे मात्र आधीच सांगते. फोल्डरने काम बिघडलं असं जे वाटतं, ते दहातल्या नऊ वेळा पट्टीने किंवा गोधडीच्या कडेने बिघडवलेलं असतं.

फोल्डर म्हणजे आत वळवलेली पत्र्याची पुंगळी. सपाट पट्टी एका तोंडाने आत जाते, तिच्या दोन्ही कडा आत मुडपल्या जातात, ती मधोमध दुमडते आणि गोधडीची कड पोटात घेऊन सुईखाली येते. वरची आणि खालची बाजू एकाच टिपेत पक्की होते. गोधडी सगळी सुईच्या डावीकडे राहते, गोट उजवीकडे. त्यामुळे गुंडाळी मशीनच्या कमानीखाली कोंबावी लागत नाही. जाड कामात हा फार मोठा आराम आहे.

आधी आपलं मशीन ओळखा

घरचं काळं मशीन आणि टेलरच्या दुकानातलं मोठं मशीन यांची जोडसामग्री एकमेकांना बसत नाही. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली टाका आणि पाट्यापासून पाय बसवायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत उंची मोजा. अर्धा ते पाऊण इंच आली तर मशीन ठेंगण्या दांडीचं, इंचभर आली तर उंच दांडीचं. हे माप कागदावर लिहूनच दुकानात जा. शक्य असेल तर मशीनचा पाय काढून सोबत न्या, म्हणजे वादच नाही. माझा पहिला फोल्डर "सबमें लग जाएगा" या भरवशावर घेतला होता. घरी येऊन पाहते तो त्याचे स्क्रू माझ्या मशीनच्या भोकांना जुळेनात. दोनदा खेटे घातले, पण परत घेतला नाही.

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, पायाच्या जागीच बसणारा छोटा बाइंडर. जुन्या सिंगर मशीनबरोबर 1889 सालच्या पेटंटची तारीख असलेली घडीची लाकडी पेटी यायची, तिच्यातही हा असे. आजीची अशी पेटी घरात पडलेली असेल तर फेकू नका. पण तो अरुंद गोटासाठी आहे. झबलं, लाळेरं, फार तर पातळ दुपटं, इथवरच त्याची धाव. दुसरा, कमी-जास्त करता येणारा, चटकन अडकवायचा बाइंडर. नव्या घरगुती मशीनला तो चालतो, तयार दुमडलेल्या पट्टीवर चांगला चालतो, पण चार-पाच थरांच्या गोधडीखाली त्याचा दम निघतो. तिसरा, मशीनच्या पाट्यावर स्क्रूने बसणारा काटकोनी फोल्डर. यात पट्टी उजवीकडून आडवी आत शिरते. गोधडीसाठी हाच घ्या. काळ्या मशीनच्या पाट्यावर सुईच्या उजवीकडे स्क्रूची भोकं असतात, तिथे तो बसतो. त्याच्याबरोबर अरुंद पाय वापरायचा, रुंद पाय फोल्डरच्या तोंडाला घासतो.

फोल्डर मापावर मिळतो. डब्यावरचा आकडा कधी कापलेल्या पट्टीचा असतो, कधी तयार गोटाचा, म्हणून विचारून घ्या. हिशेब सोपा आहे: पट्टी तयार गोटाच्या चौपट. 2 इंचाच्या पट्टीचा गोट अर्धा इंच, जाडीत थोडा खाल्ला जातो तो वेगळा. साड्यांच्या गोधडीला मी 2 इंचाचाच सुचवेन. कापूस भरलेल्या रजईला मात्र फोल्डरच्या वाटेला जाऊ नका. तिची कड त्या फटीत मावत नाही, मावली तरी टीप वेडीवाकडी पडते. रजईला वॉकिंग फूट, म्हणजे वरचे-खालचे थर बरोबरीने पुढे नेणारा पाय, लावा, अडीच इंचाची पट्टी मधोमध दुमडून पाव इंचावर टीप मारा आणि मागची बाजू हातानेच शिवा.

कड तयार करणं

गोधडी जमिनीवर पसरून कडा मोजपट्टीने आखून सरळ कापा. मग कडेपासून पाव इंचाच्या आत, अगदी काठाशी, मशीनची मोठ्या टाक्याची एक टीप चहूबाजूंनी मारून घ्या. या टिपेने थर एकमेकांना धरतात आणि कड चपटी होते. ही टीप गोटाखाली झाकली जाते, म्हणून तिच्या रंगाची काळजी नको. नंतर कड चिमटीत दाबून फोल्डरच्या फटीत सरकवून बघा. विनासायास सरकली पाहिजे. ढकलावी लागत असेल तर काठाजवळचा मधला एखादा थर अर्धा इंच आत कापून काढा.

कोपरे गोल करा. फोल्डरला काटकोनी कोपरा वळता येत नाही, आणि काटकोनाचा हट्ट धरायचा असेल तर प्रत्येक कोपऱ्याला थांबून, फोल्डरमधून बाहेर येऊन, हाताने घडी घालावी लागते. चार वेळा इतकं करण्यापेक्षा 6 इंचाची ताटली कोपऱ्यावर पालथी ठेवून पेन्सिलने वळण आखलं की काम झालं. चारी कोपऱ्यांना तीच ताटली.

पट्टी

गोलाई आली म्हणजे पट्टी उरेब हवी. सरळ धाग्यावरची पट्टी वळणावर चुण्या पाडते. नव्या कापडाचा लांबीचा काठ आडव्या काठावर आणून ठेवा. जी तिरपी घडी पडते ती उरेब. तिला समांतर 2 इंचाच्या पट्ट्या आखा. कापताना अंदाज चालत नाही. पट्टी कुठे पावणेदोन, कुठे सव्वादोन झाली की अरुंद जागी कड आत मुडपत नाही आणि रुंद जागी पट्टी पुंगळीत अडकते. म्हणून लांब मोजपट्टीने रेषा ओढा, धारदार कात्रीने एका दमात कापा.

60 बाय 90 च्या गोधडीला 300 इंच आणि जोडणी-मिटवणीला 12, म्हणजे 312 इंच पट्टी लागते. 44 इंच पन्ह्याचं पाऊण मीटर कापड पुरतं. कापड साधं सुती घ्या, पॉपलीन किंवा केंब्रिक, आणि कापण्याआधी पाण्यातून काढा. नाहीतर पहिल्या धुण्यात गोट आटतो आणि गोधडीच्या कडा गोळा होतात. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे तोच गोटाला वापरावा असं इथल्या प्रत्येकीला कधी ना कधी वाटतं. मलाही वाटलं. पण काठ म्हणजे सरळ धाग्याची पट्टी, कोपऱ्यावर ती वळत नाही, आणि तो जरीचा असेल तर पुंगळीत पट्टी खरखरत जाते. महेश्वरी मधल्या भागात लावा, गोटाला नको.

तुकडे जोडताना टीप तिरकी मारा. जोड आडवा असला की सगळी जाडी एकाच ठिकाणी येते आणि तिथेच फोल्डर तुंबतो. जोडाची माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, पाव इंचाच्या निम्मी ठेवून कापा, दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. कोपरे निघालेले असतील ते छाटा.

आता खळ. बहुतेकजणी हे टाळतात, आणि निम्मं यश इथेच आहे. साबुदाण्याची पातळ खळ पट्टीला द्या, दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री दाबायची, ओढायची नाही, कारण उरेब पट्टी ओढली की लांबते आणि अरुंद होते. खळीची पट्टी कागदासारखी उभी राहते आणि पुंगळीत आपोआप वळते. नवा फोल्डर घेऊन "चालतच नाही" म्हणणाऱ्या माझ्या वहिनीच्या पट्टीला फक्त खळ दिली, दुसरं काही केलं नाही, आणि तिचा फोल्डर चालू लागला.

पट्टी पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळून उजवीकडे पातेल्यात ठेवा. गोधडीच्या कडेने ती एकदा नुसती अंथरून बघा. एखादा जोड नेमका कोपऱ्यावर येत असेल तर सुरुवातीची जागा बदला.

पट्टी ओवणं आणि टीप

सुई 16 नंबरची, नवी. टाका इंचाला 8 ते 10. गोट वरून दिसतो, खालूनही दिसतो, म्हणून बॉबिनमध्ये वरचाच रंग भरा. हातमशीन असेल तर हँडल फिरवायला दुसरं कुणीतरी हवं, कारण या कामाला तुमचे दोन्ही हात लागतात. पायमशीन यासाठी उत्तम.

पट्टीचं टोक 2 इंच लांब, तिरकं, निमुळतं कापा. उलटी बाजू वर आहे की खाली हे आधी रिकाम्या हाताने दुमडून ताडून घ्या. टोक तोंडात सरकवा, दाभणाने हळूच पुढे ढकला. दुसऱ्या तोंडातून टोकाचा कोपरा दिसला की चिमट्याने धरून ओढा. पहिला इंच कसाही येतो, एक बाजू उघडी, एक मुडपलेली. घाबरू नका. अजून 2 इंच ओढलंत की दोन्ही कडा आत जातात आणि चपटी, चार पदरी पट्टी बाहेर येते. ती पायाखाली घ्या आणि गोधडी न घालता 4 इंच रिकामाच गोट शिवा. सुई गोटाच्या डाव्या, उघड्या काठापासून जेमतेम 2 मिलिमीटर आत पडली पाहिजे. काठाबाहेर पडत असेल तर फोल्डर किंचित डावीकडे सरकवा, फारच आत पडत असेल तर उजवीकडे. स्क्रू पूर्ण सोडायचा नाही, अर्धा आटा पुरतो.

मग एका लांब बाजूच्या मध्यावरून गोधडीची कड डावीकडून गोटाच्या खाचेत घाला, तळाला लागेपर्यंत. बाकीची गोधडी डावीकडे टेबलावर किंवा स्टुलावर टेकवा. ती लोंबली तर तिच्या वजनाने कड खाचेतून निसटते, आणि वरून काहीच कळत नाही. माझ्या पहिल्या गोधडीत असं झालं. वरून टीप सुरेख दिसत होती, उलटून पाहिलं तर हातभर लांबीत खालचा काठ टिपेत आलाच नव्हता. तेव्हापासून दर वीतभर शिवल्यावर मी थांबते आणि डाव्या हाताचं बोट गोटाखालून फिरवते. काठ टिपेत असला तर बोटाला टाक्यांची बारीक रांग आणि तिच्यापुढे काठाची जेमतेम उंची लागते. सुटला असेल तर काठ बोटाखाली ओठासारखा उघडतो. सुटलंच, तर तेवढी टीप उसवा आणि मागे जा, पुढे नेऊ नका.

मागून ओढायचं नाही. मशीनचे दाते नेतात तेवढंच जाऊ द्या, तुमचं काम कड उजवीकडे खाचेत दाबून ठेवण्याचं. गोलाईवर वेग निम्मा करा. दोन-तीन टाके, सुई खाली, पाय उचला, गोधडी जराशी फिरवा, पाय टाका. कोपऱ्यावर पट्टी ताणू नका, ताणली की धुतल्यावर कोपरा वाटीसारखा आत वळतो. जोड जवळ आला की पातेल्यातून पट्टी हाताने सैल सोडत राहा आणि जोड तोंडात शिरताना दाभणाने वाट करून द्या.

टोक मिटवणं

फोल्डर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. सुरुवातीच्या जागेला 6 इंच राहिले की थांबा, पट्टी 5 इंच जास्त ठेवून कापा, फोल्डर काढा, साधा पाय लावा. सुरुवातीचा रिकामा शिवलेला 4 इंचांचा तुकडा उसवून पट्टी उघडा. दोन्ही टोकं गोधडीवर सपाट ठेवून जिथे भेटतात तिथे तिरकी खूण करा, सरळ बाजू आत घेऊन टीप मारा, जास्तीचं कापा. मग बोटाने घड्या घाला, इस्त्री करा, कच्चा दोरा घाला आणि उरलेली टीप मारा. पहिल्यांदा या सहा इंचांना अर्धा तास लागतो.

पहिलाच प्रयत्न थेट 300 इंचांवर करू नका. बाळाच्या दुपट्यावर हात बसवा: 30 बाय 40 इंच, दोन-तीन थर, गोट 140 इंचांचाच. कुटुंबात कुणाकडे तरी बाळ असतंच, दुपटं वाया जात नाही.

काम संपल्यावर पुंगळीतली धूळ आणि दोऱ्याचे तुकडे बारीक ब्रशने काढा. तेल घालू नका, पुढच्या पट्टीवर डाग पडतो. आणि गोटाचा वीतभर तुकडा फोल्डरमध्ये तसाच ओवलेला ठेवा. पुढच्या वेळी नवी पट्टी त्याच्या मागच्या टोकाला चार टाक्यांनी जोडायची आणि ओढायची, दाभण-चिमट्याची खटपट वाचते. माझ्या फोल्डरमध्ये आत्ता मागच्या गोधडीची जांभळी पट्टी आहे, आणि डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय: पट्टी 2 इंच, सुई 16, ठेंगणी दांडी.