हैदराबादच्या मलकपेठला रेस बघायला जाताय? आधी न खेळायच्या शर्यती ओळखा

पहिली गोष्ट, टिप विचारत फिरू नका. रेसकोर्सवर भेटणाऱ्या प्रत्येकाचा साडू कुठल्यातरी ट्रेनरकडं सईस, म्हणजे घोडा सांभाळणारा, असतो, आणि त्या साडूनं सांगितलेला घोडा दर माणसागणिक वेगळा असतो.

मी नांदेडच्या मोंढ्यात अडतीवर दिवाणजी आहे. हळद, हरभरा, सोयाबीन यांच्या पट्ट्या लिहिण्यात हयात चाललीय. घोड्यांचा नाद माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून लागला आणि रेसचा नाद हैदराबादहून. आम्हा नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. रात्रीची गाडी धरायची, सकाळी काचीगुड्याला उतरायचं, तिथून मलकपेठ हाकेच्या अंतरावर. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ साली रेस मलकपेठला आणली, तेव्हा आपला मराठवाडा त्यांच्याच राज्यात होता. पावसाळ्यात हैदराबाद आणि पुण्याला शर्यती असतात, हिवाळ्यात हैदराबाद आणि मुंबईच्या महालक्ष्मीला. बघण्याची रीत सगळीकडं सारखीच.

आता पुतण्या यायलाय सोबत. त्यानं गाडीतच विचारलं, ‘काका, कुठला लावायचा?’ म्हटलं, अगोदर कुठले लावायचे नाहीत ते शिक.

कार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींची आणि घोड्यांची यादी, रेसक्लबच्या संकेतस्थळावर आधीच येतं. ते घरीच वाचायचं, रेसकोर्सवर गर्दीत नाही. प्रत्येक घोड्यापुढं वय, आई-बाप, ट्रेनर, जॉकी, वजन, गेट नंबर आणि मागच्या धावांचे आकडे असतात. बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन. ६० किलो घेऊन धावणारा आणि ५१ किलो घेऊन धावणारा एकाच रांगेत उभे असतात ते त्यामुळंच. घोडा जिंकला की रेटिंग वाढतं, रेटिंग वाढलं की वजन वाढतं, नाहीतर वरच्या वर्गात जावं लागतं. म्हणून ‘मागच्या वेळी जिंकला’ एवढ्यावर भाळू नका. वर्ग कुठला होता, वजन किती होतं, अंतर किती होतं हे तिन्ही बघा. १२०० मीटरचा तिखट घोडा १८०० ला शेवटच्या वळणावर पाय ओढायला लागतो. उलट वरच्या वर्गात चौथा-पाचवा येऊन आता खालच्या वर्गात उतरलेला घोडा कागदावर फिका दिसतो, पण माझी पेन्सिल आधी तिथंच थांबते.

कार्डात नालाचंही लिहिलेलं असतं. ॲल्युमिनियम की स्टील. हलका नाल घातला म्हणजे घोडा जिंकतो असं नाही. पण मागं स्टीलवर पळणारा आज पहिल्यांदा ॲल्युमिनियमवर आला असेल तर ट्रेनर आज मनावर घेऊन आलाय, एवढा अंदाज बांधता येतो. सकाळच्या सरावाच्या वेळाही छापून येतात. त्यात नुसते सेकंद बघू नका. मोकळा पळाला की दामटून पळवला, हे शेजारी लिहिलेलं असतं, त्याला जास्त किंमत आहे.

पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदाच पळणाऱ्या कोवळ्या घोड्यांची शर्यत सरळ सोडून द्यायची. मागचे आकडेच नाहीत, मग वाचणार काय? रात्री पाऊस होऊन ट्रॅक मऊ झाला असेल आणि मैदानातल्या निम्म्या घोड्यांनी असा ट्रॅक पाहिलाच नसेल, तर तीही शर्यत चहा पिण्यात घालवा. मलकपेठच्या आसपास उस्मानिया बिस्किटं ताजी मिळतात.

आता जॉकी. लोक नाव बघतात. सूरज नरेडू, पी. ट्रेवर बसला की सगळे त्याच खिडकीकडं पळतात आणि घोड्याचा भाव बसतो, म्हणजे जिंकला तरी हातात कमी पडतं. जुनी मंडळी पेसी श्रॉफचं, वसंत शिंद्यांचं, शामू चव्हाणांचं नाव घेऊन अजून अर्धा तास बोलू शकतात. श्रॉफ तर रकिबीतून उतरून पुढं ट्रेनर झाले आणि तिथंही गाजले. पण नाव मोठं असलं तरी आज त्याच्याखाली काय आहे ते बघायचं. मी तीन गोष्टी बघतो.

एक, बदल. मागच्या वेळी या घोड्यावर कोण होतं, आज कोण आहे? एकाच ट्रेनरचे दोन घोडे एका शर्यतीत असतील, तर त्याचा नेहमीचा जॉकी कुणावर बसलाय? दुसऱ्यावर शिकाऊ पोरगा असेल तर सगळे म्हणतात, तो गेला. पण शिकाऊला वजनात सूट मिळते. कार्डात ५४ किलो वजन लागलेला घोडा सुटीमुळं ५१ वर पळणार असेल आणि लगामावर पोराचे हात मऊ असतील, तर तो गेलेला नसतो. सगळ्यांनी त्याला मेलेला धरल्यामुळं भावही चांगला मिळतो.

दोन, मागची शर्यत व्हिडिओवर. इथं घाई करू नका, कारण सगळा दिवस इथंच कमावला जातो. क्लबकडं जुन्या शर्यती बघायला मिळतात. पहिल्या वेळी सगळी शर्यत बघा. दुसऱ्या वेळी फक्त आपल्या घोड्यावरचा जॉकी बघा, बाकीचे विसरा. गेटमधून उशिरा निघाला का? वळणावर बाहेरून फिरावं लागलं का? बाहेरून फिरणारा घोडा जास्त मीटर पळतो, आणि ते निकालाच्या आकड्यात दिसत नाही. शेवटच्या ४०० मीटरला समोर दोन घोडे आडवे आले आणि जॉकीला लगाम खेचावा लागला का? हात बघा. मोकळी वाट मिळाल्यावर घोडा स्वतःहून निघाला, की चाबकानं निघाला? निकालात ‘पाचवा, सहा लांबी मागं’ (लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) एवढंच लिहिलेलं असतं. व्हिडिओत दिसतं की पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, ओलांडली तेव्हा तोच घोडा सगळ्यात वेगात होता. असा घोडा वहीत लिहून ठेवायचा आणि तो पुन्हा कधी उतरतो याची वाट बघायची.

तीन, जॉकीचा स्वभाव. काहीजण घोडा पुढं काढून शेवटपर्यंत नेण्यात पटाईत, काहीजण मागं दबा धरून बसण्यात. पुढं पळणाऱ्या घोड्यावर दबा धरणारा बसला की दोघांचाही खोळंबा. शर्यतीत पुढं पळणारा एकच घोडा असेल तर त्याला फुकटची आघाडी मिळते. असे चार असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं.

एवढं घरी झालं की रेसकोर्सवर खरं काम एकच, पॅडॉक, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात ते रिंगण. माळेगावला घोडा घेणारा देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा बघतो, बाकीचे भोवरे बघतो, रेवाल नावाची डौलदार चाल बघून मान डोलावतो. इथं त्यातलं काही कामाचं नाही. थरोब्रेडचे, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचे, मागचे पुठ्ठे भरलेले आहेत का, कातडीवर तकाकी आहे का, पाऊल लांब आणि सैल पडतंय का, हे बघा. मागच्या दोन पायांमध्ये पांढरा फेस, डोळे फिरलेले, दोन सईस लटकलेत तरी आवरत नाही, असा घोडा शर्यतीआधीच निम्मा पळून झालेला असतो. उन्हाळी दुपारी थोडा घाम चालतो. जॉकी रकिबीत पाय टाकतो तो क्षण बघा. घोडा थंड राहिला तर उत्तम. मी कार्डावर आखलेला घोडा पॅडॉकमध्ये पटला नाही तर खोडतो. पण पॅडॉकमध्ये आवडला म्हणून नवा घोडा आखत नाही.

आता पैशाचं. टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज घेणाऱ्या खिडकीवर छोटी तिकिटं मिळतात. ‘विन’ म्हणजे पहिलाच यायला हवा. ‘प्लेस’ म्हणजे आठ किंवा जास्त घोडे असले तर सहसा पहिल्या तिघांत आला तरी चालतं. तनाला म्हणजे पहिले तीन बरोबर क्रमानं, जॅकपॉट म्हणजे ओळीनं पाच शर्यतींचे विजेते. नवख्यानं शेवटच्या दोन्हींकडं बघूसुद्धा नये. बुकी मंडळींच्या रिंगणात भाव फळ्यावर असतात आणि मोंढ्यातल्या हळदीसारखे मिनिटामिनिटाला हलतात. टोटचा भाव मात्र शर्यत संपल्यावरच पक्का होतो, कारण तिथं सगळ्यांचे पैसे एका कुंडीत पडून वाटले जातात.

पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. हिशेब करून बघा. १०० च्या पैजेला खिशातून १४० गेले. घोडा ‘इव्हन’ भावाचा, म्हणजे जिंकला तर २०० हातात. फायदा ६०, तोटा १४०. असा घोडा दहातून सात वेळा जिंकला तर कुठं बरोबरी. तीनास एक भावाचा असेल तर ४०० हातात येतात आणि दहातून साडेतीन वेळा जिंकलं तरी बरोबरी होते. म्हणून लाडक्या फेवरिटच्या मागं पळण्यात आता काही राम राहिलेला नाही. मी तीनास एकच्या खाली हात घालत नाही. व्हिडिओ, वजन आणि पॅडॉक, तिन्ही एका घोड्यावर जुळले तरच खेळतो. दिवसभराच्या कार्डात असं एखाद-दोनदा घडतं. कधी एकदाही नाही. मग दुर्बीण घेऊन शर्यती बघायच्या.

नांदेड-लातूरला कुणी फोनवर ‘घरबसल्या रेस घेतो’ म्हणाला तर फोन ठेवा. ते बेकायदा आहे. तिकीट नाही, पावती नाही, आणि घोडा लागला की त्याचा फोन बंद. घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ असल्याचं सुप्रीम कोर्टानं १९९६ साली म्हटलंय खरं, पण त्यानं मोंढ्यामागच्या पानटपरीला परवाना मिळत नाही.

घोडा जिंकला म्हणून लगेच नाचू नका आणि हरला म्हणून तिकीट फाडू नका. आडवा आल्याची हरकत येऊ शकते, फोटो मागवला जातो, स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, निकाल फिरवू शकतात. जॉकी परत वजन देतो आणि ‘ऑल क्लिअर’ झाल्यावरच पैसे मिळतात. एका तिकिटावर १०,००० रुपयांच्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापून हातात येतं. त्याचा कागद मागून घ्या, विवरणपत्र भरताना लागतो.

शेवटच्या शर्यतीला दिवसभर हरलेले सगळे भरून काढायला लांबच्या भावाचे घोडे उचलतात. त्या गर्दीत शिरू नका. त्या वेळात वही काढा आणि आज कुठला घोडा कुठं अडला, कुणाला बाहेरून फिरावं लागलं, कुठल्या पोराचे हात मऊ होते, हे लिहून घ्या. गाडीत बसल्यावर लिहू म्हटलं तर अर्धं विसरतं, आणि पुतण्या शेजारी बसून जॅकपॉटचंच विचारत राहतो.