५० सीसी इंजिन हवेत बंद पडायचं, शेवटी दोष सापडला

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं पेट्रोल इंजिन जमिनीवर मस्त चालायचं, पण टाकी अर्धी झाली आणि विमानाचं नाक वर केलं की फट्कन बंद, दोनदा तर शेतातच उतरवावं लागलं, जीव नुसता टांगणीला. आधी इग्निशनवर संशय घेतला, बॅटरी चेक केली, प्लगची ठिणगी बघितली, सगळं ओके. कार्ब्युरेटरच्या सुया (पेट्रोलचं प्रमाण कमी-जास्त करणारे स्क्रू) उगाच फिरवू नका, मी त्यात अख्खा रविवार घालवला. मग विमान हातात उभं धरून बघितलं तर कार्बकडे जाणाऱ्या नळीत बारीक बुडबुडे! टाकी उघडली, आतली नळी सिलिकॉनची, पेट्रोलने फुगून बुचापाशी चिरलेली, पेट्रोल मागे गेलं की तिथून हवा ओढायची. पेट्रोलला चालणारी पिवळी नळी टाकली, आता टाकी संपेपर्यंत उडतंय.