कुत्र्यांना घेऊन आरव्हीत: पहिल्या सहलीची तयारी

आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, कुठली घ्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी कुत्र्यांना कुठे फिरू देतात ते बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच नॅशनल पार्कांत कुत्र्याला पार्किंग, कॅम्पग्राउंड आणि डांबरी रस्ता यापलीकडे फारशी मुभा नसते. झायनमध्ये त्याला पारूस हा एकच ट्रेल खुला आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून हवं तितकं फिरवा, पण कड्याच्या खाली उतरायचं नाही. हे तिथे पोचल्यावर कळलं, की अर्धं कुटुंब डोंगरावर आणि अर्धं कुत्र्यांजवळ खुर्ची टाकून बसलेलं, अशी सहल होते. म्हणून न्यू जर्सीच्या मंडळींना माझं सांगणं असं, की पहिल्यांदा जाताय तर व्हर्जिनियातलं शेनान्डोआ धरा. तिथे ५०० मैलांचे ट्रेल आहेत आणि त्यांतले जेमतेम २० मैल कुत्र्यांना बंद आहेत.

पण ते वीस मैल नेमके प्रसिद्ध ट्रेलचे आहेत. डार्क हॉलो फॉल्स, ओल्ड रॅग, स्टोनी मॅन, बेअरफेन्स ही नावं प्रत्येक मित्र सुचवतो आणि या सगळ्यांवर कुत्र्यांना बंदी आहे. ही नावं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्याखाली जमणारे ट्रेल लिहा. ब्लॅकरॉक समिटला जाऊन-येऊन साधारण एक मैल, म्हातारा कुत्रा आणि आजी-आजोबा दोघांनाही झेपेल असा. धबधबा हवाच असेल तर रोझ रिव्हर फॉल्स. हॉक्सबिल हे पार्कातलं सर्वांत उंच शिखर, ४,०५१ फूट. आमच्या बाबांनी पाटी वाचून लगेच जाहीर केलं, की हे सिंहगडापेक्षा ठेंगणं आहे. आहेच. शिवाय वरपर्यंत गाडी जवळजवळ नेऊन सोडते, चढ उरतो मैलभराचा.

तारखा मे किंवा सप्टेंबरच्या घ्या. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा सगळा पूर्व किनारा तिथे लोटतो, आणि नवशिक्याने पंचवीस फुटी गाडी त्या गर्दीत नेऊ नये. पार्कातल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडचं बुकिंग बरंच आधी उघडतं. साइट निवडताना गाडीची लांबी नीट भरा, आणि पार्कातल्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची हुकअप नसतात हे पक्कं लक्षात ठेवा. सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते. हुकअप नाही म्हणजे छतावरचा एसी फक्त जनरेटरवर चालणार, जनरेटर ठराविक तासांतच लावता येणार, म्हणजे ‘कुत्र्यांना गाडीत एसी लावून ठेवू आणि आपण मोठा ट्रेक करून येऊ’ हा बेत बाद. त्यांना मागे एकटं बांधून ठेवणंही नियमात बसत नाही. जिथे ते येणार तिथेच आपण जाणार, हे घरात मुलांना आधीच सांगून टाका. शक्य असेल तर पहिली रात्र डोंगराखाली, फ्रंट रॉयल किंवा लुरेच्या बाजूला, हुकअप असलेल्या खासगी कॅम्पग्राउंडवर काढा. चुका करायच्या त्या तिथे करून घ्या, मग वर चढा.

गाडी भाड्याने घेताना कुत्री चालतात का, त्यांचं वेगळं शुल्क किती, दिवसाला किती मैल मोफत, जनरेटरचे तासाला किती, हे चार प्रश्न लेखी विचारा. ताब्यात घेतानाचा फेरफटका घाईने उरकू नका. समोरचा माणूस भराभर बटणं दाखवत जातो, आपण माना डोलावतो आणि रात्री साडेनऊला हीटर कसा लावायचा ते आठवत नाही. सगळा व्हिडिओ काढा. ओरखडे, टायर, छताच्या कडा, सगळ्यांचे फोटो काढा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते त्याच्यासमोर बटण दाबून बघा. मग मास्किंग टेपच्या पट्टीवर गाडीची उंची एसीसकट लिहा आणि ती पट्टी स्टिअरिंगसमोर चिकटवा. पार्कातून डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर मेरीज रॉकचा बोगदा आहे, त्याची उंची १२ फूट ८ इंच. भाड्याच्या बहुतेक क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या मध्यम आकाराच्या) गाड्या आरामात जातात, तरी तोंडाशी आल्यावर छातीत धडधडतं आणि तेव्हा समोर आकडा लिहिलेला असलेला बरा. आमची गाडी बोगद्यातून सुखरूप गेली होती. अडकली ती परतीच्या वाटेवर, एका बर्गरवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये. मागे सात गाड्या, आत दोन भुंकणारी कुत्री.

रस्ता जीपीएसवर सोडू नका. तो तुम्हाला आय-९५ महामार्गावरून बाल्टिमोरच्या बोगद्यांत घालेल आणि त्या बोगद्यांतून स्वयंपाकाच्या प्रोपेनची मोठी टाकी असलेली गाडी न्यायला मनाई आहे. पूर्वी तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून वळसा घालता यायचा, तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने कोसळला. आय-७८ ने हॅरिसबर्ग, तिथून आय-८१ ने दक्षिणेला आणि शेवटी आय-६६ ने फ्रंट रॉयल, हा रस्ता शांत आहे आणि बोगदा एकही नाही. कारने जे पाच तासांत होतं त्याला सात धरा. दर दोन तासांनी कुत्र्यांना उतरवायचंच आहे. पुढे स्कायलाइन ड्राइव्हवर ताशी ३५ मैलांची मर्यादा, बिग मेडोज ५१व्या मैलाच्या दगडावर, म्हणजे आणखी दीड तास तरी हवा. अंधार पडायच्या आत पोचा. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात.

चालत्या गाडीत कुत्री मोकळी नकोत. आमचा चिकू, बीगल, पहिल्या वळणाला सोफ्यावरून थेट सिंकखाली गेला. एकाला क्रेट (बंद पिंजरा), दुसऱ्याला सीटबेल्टचा हार्नेस, आणि हे दोन्ही घरच्या कारमध्ये महिनाभर आधी सवयीचं करा. उभी गाडी ड्राइव्हवेत एक दिवस आधी आणता आली तर कुत्र्यांना आत जेवू घाला, जनरेटर लावून दाखवा. त्याच्या घरघरीला घाबरून आमचा अकरा वर्षांचा भीम, एरवी फटाक्यांनाही दाद न देणारा लॅब्रेडॉर, दोन तास पायऱ्या चढेना. अशा कुत्र्याला रात्री जंगलात पहिल्यांदा तो आवाज ऐकवू नये. जुनी चादर, त्यांचीच, न धुतलेली, बरोबर घ्या. वास ओळखीचा असला की झोपतात.

त्यांची पिशवी वेगळी भरा. रेबीजच्या लसीचा दाखला कागदावर आणि फोनमध्येही, कारण डोंगरात रेंज जाते-येते. गळ्यात मोबाइल नंबरची पट्टी, मायक्रोचिपवरचा पत्ता चालू आहे ना याची खात्री. सहा फुटी साधी लीश, म्हणजे धरायचा दोर. पार्कात त्याहून लांब चालत नाही, त्या खेचून लांब होणाऱ्या लीश घरीच ठेवा. विष्ठेच्या पिशव्या लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट. नेहमीचं खाणं दोन दिवसांचं जास्त. खालच्या गावातल्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर, त्यांच्या रात्रीच्या वेळांसकट. जेवणाची वाटी बाहेर विसरायची नाही. शेनान्डोआत काळी अस्वलं भरपूर आहेत आणि त्यांच्या लेखी डॉग फूड आणि आपला डबा यांत फरक नाही. रात्री सगळं गाडीच्या आत.

आपल्या स्वयंपाकघराबद्दल थोडं कडक बोलते. घर उचलून नेऊ नका. हुकअप नसलं की इंडक्शन आणि इन्स्टंट पॉट ही नुसती ओझी. गॅसच्या दोन शेगड्या असतात, त्यांवर छोटा कुकर उत्तम चालतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन, घरून भाजून नेलेल्या पोळ्या, लिंबाचं लोणचं, एवढ्यात तीन दिवस निघतात. फोडणी द्यायच्या आधी छताचा पंखा चालू करा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म ओरडतो. आणि कांदेपोहे करणार असाल तर कुत्र्यांना बाहेर काढा. कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट हे त्यांना विषच. कांद्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरी हे सगळ्यांना ठाऊक असतं. सहलीत मात्र आजी प्रेमाने शिऱ्यातला घास देते आणि त्यात बेदाणा असतो. आजीला निघायच्या आधी सांगा, ऐन वेळी सांगितलं की राग येतो.

पाणी मोजूनच मिळतं. टाकी भरून निघा, पण चार माणसं आणि दोन कुत्री म्हटल्यावर ती दुसऱ्या संध्याकाळी तळ गाठते. अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा. प्यायच्या पाण्याचा पाइप पांढरा असतो, तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. सांडपाण्याचा पाइप जोडताना डिस्पोजेबल हातमोजे घाला. ब्लॅक टँक (संडासाची टाकी) आधी सोडायचा आणि ग्रे टँक (अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची टाकी) नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हे काम कोणाचं ते घरून निघतानाच ठरवा. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकल्या आणि माझीच निघाली.

लाकूड घरून नेऊ नका. झाडं पोखरणारे किडे सरपणाबरोबर पसरतात म्हणून उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्का असलेलं लाकूडच आत चालतं. ते कॅम्पजवळ विकत मिळतं.

चालायला निघताना प्रत्येक कुत्र्यासाठी वेगळं पाणी आणि घडी होणारी वाटी घ्या. ओढ्याचं पाणी पिऊ देऊ नका, पोट बिघडतं, आणि बिघडलेल्या पोटाचा लॅब्रेडॉर आरव्हीत किती जागा व्यापतो ते विचारू नका. पार्किंगच्या डांबरावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. दगडांच्या सपाटीवर ऊन खात कॉपरहेड आणि रॅटलस्नेक हे विषारी साप पडलेले असतात, म्हणून लीश आखूड धरा आणि ट्रेल सोडू नका. म्हातारं कुत्रं मध्येच बसलं तर तिथूनच परत फिरा. चाळीस किलोचा भीम आम्ही दोघांनी बेडशीटच्या झोळीत घालून पाऊण मैल आणला आहे. तेव्हापासून बॅगेत जाड बेडशीट असतेच.

सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे टोकदार चिमटा. या भागात गोचीड आहेत आणि त्यांतली लाइम रोग पसरवणारी पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. निघायच्या आधी कुत्र्यांना गोचिडीचं औषध चालू असल्याची खात्री करा. आपण फिकट रंगाची पँट घाला, पायमोज्यात खोचून. दिसायला विचित्र दिसतं, दिसू द्या. परतल्यावर गाडीच्या पायरीवरच तपासणी करायची: कुत्र्यांचे कान आतून, बगला, बोटांच्या मधली कातडी, पट्ट्याखालची मान, मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे, कमरेच्या इलॅस्टिकपाशी. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश असले घरगुती प्रयोग नकोत.

गाडी परत देताना पेट्रोल आणि प्रोपेन होतं तेवढं भरा, टाक्या रिकाम्या करा, ओडोमीटरचा फोटो काढा आणि सोफ्याच्या फटीतले केस व्हॅक्यूमने ओढा, नाहीतर साफसफाईचं बिल येतं. घरी आल्यावर तपासणी थांबवू नका. लाइमचा चट्टा चावल्यापासून तीन दिवसांनी येतो तसा महिन्याने पण येतो. कोणाच्या अंगावर पसरत जाणारा लालसर गोल दिसला, ताप आला, किंवा कुत्रं एकाएकी लंगडायला लागलं, तर डॉक्टरांना तारखेसकट आधी हेच सांगा, की आम्ही शेनान्डोआला जाऊन आलो आहोत.