अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस: औषध घेताना या चुका टाळा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची कमी नाही आणि औषधाच्या दुकानांची तर नाहीच. तरी या आजाराचा माणूस बरोबर औषधापर्यंत पोचायला महिनोन्‌महिने घालवतो. का, ते दुकानाच्या काउंटरवर कळतं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच सांगतो, "भाऊ, मूळव्याधीचं मलम द्या न." तपासलं का विचारलं की, "त्यात काय तपासायचं जी, रक्त पडून राहिलं म्हणजे मूळव्याधच."

मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. तेवढ्याच भागाच्या आतल्या अस्तराला सूज येऊन बारीक जखमा होतात, तो अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस. अल्सरेटिव्ह कोलायटिसचाच हा मर्यादित प्रकार. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याशी भांडते, म्हणून तो होतो. संसर्गजन्य नाही, घरच्यांनी ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

रक्त म्हणजे मूळव्याध, हा हिशेब

मूळव्याधीत सहसा शौच झाल्यावर लाल रक्त ठिबकतं आणि काम संपतं. प्रॉक्टायटिसचं तसं नसतं. रक्ताबरोबर शेम पडते, घाईची कळ येते, पळत जावं तर चमचाभर रक्त-शेम पडते आणि उठल्यावर पुन्हा वाटतं की अजून राहिलंय. कुंथून काही निघत नाही, कारण आत काही नसतंच. सुजलेला गुदाशय भरल्याचा खोटा निरोप देतो. पण नुसत्या लक्षणांवर निदान करू नका. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. शिवाय पंचेचाळिशीपुढच्या माणसाचं रक्त कॅन्सरमुळे नाही ना, हे बघावंच लागतं. "बिना ऑपरेशन मूळव्याध-भगंदर" अशा पाट्यांखाली आत कॅमेरा घालून कोणी बघत नाही. दुर्बिणीनं तपासणी आणि आतड्याचा छोटा तुकडा काढून बायोप्सी, याला पर्याय नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स अशी सरकारी ठिकाणं नागपुरात आहेत. खर्चाच्या धाकानं हे टाळू नका.

आव समजून अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक

शेम पडली की आपल्याकडे "आव झाली" म्हणतात आणि मेट्रोनिडाझोलचा कोर्स सुरू होतो. अमिबामुळे रक्ती आव खरोखर होते, म्हणून सुरुवातीला शौचाची तपासणी हवीच. आतड्याचा टीबी आणि लैंगिक संबंधातून होणारे गुदाशयाचे संसर्गही हुबेहूब असंच चित्र उभं करतात. डॉक्टरांनी तसा प्रश्न विचारला तर चिडू नका, खरं सांगा. मात्र तपासणी न करता तिसरा-चौथा कोर्स घेणं वाईट. वारंवार अँटिबायोटिक घेतल्यानं क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजू शकतो आणि तो स्वतःच जुलाब लावतो, कधी रक्ताचेही.

खालून घ्यायच्या गोळीला नकार

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सौम्य ते मध्यम प्रॉक्टायटिसचं पहिलं औषध म्हणजे मेसालामाइनची सपोझिटरी, बहुधा १ ग्रॅम, रोज रात्री झोपताना. लोक विचारतात, "तेच औषध तोंडानं नाही घेता येत?" येतं, पण तोंडानं घेतलेल्या गोळीतलं औषध वरच्या आतड्यातच बरंचसं सुटतं, जखम जिथं आहे तिथं थोडंच पोचतं. सपोझिटरी थेट जखमेवर बसते. सूज गुदाशयाच्या वर गेली असेल तर ती तिथवर पोचत नाही, मग एनिमा, म्हणजे खालून आत सोडायचं पातळ औषध, लागतो.

आता वापरायची पद्धत, कारण चिठ्ठीवर ती कोणी लिहून देत नाही. आधी शौच-लघवी उरकून घ्या. हात धुवा. डाव्या कुशीवर झोपा, उजवा गुडघा पोटाकडे घ्या, सपोझिटरी पाण्यानं किंचित ओली करून टोकदार बाजूनं आत ढकला, गुदद्वाराचा आवळलेला स्नायू ओलांडून. स्नायूच्या अलीकडे राहिली तर बाहेर येणारच. दहा मिनिटांच्या आत निसटली तर दुसरी ठेवायला हरकत नसते. एक-दोन तास तरी धरून ठेवा, रात्रभर राहिली तर उत्तम. जुनी चड्डी घाला. हे औषध कपड्यावर आणि फरशीवरही डाग पाडतं. आणखी एक: संडासात ब्लीच टाकलं असेल तर या औषधावर असताना लघवी त्यात पडल्यावर लालसर-तपकिरी दिसू शकते. रक्त समजून घाबरणारे भेटतात.

नागपूरचा उन्हाळा हा तर वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि सपोझिटरीचं पाकीट गाडीच्या डिक्कीत! घरी येईपर्यंत आतली गोळी मऊ होऊन पाकिटाला चिकटलेली. तीच फ्रीजमध्ये घालून वाकडीतिकडी घट्ट केलेली वापरू नका. दुपारी औषध आणू नका, आणलंच तर थेट घरी या आणि पाकिटावर लिहिलेल्या तापमानात ठेवा.

रक्त थांबलं, औषध बंद

काहींना आठवड्याभरातच आराम पडतो. तो आराम आहे, जखम भरणं नव्हे. कोर्स साधारण ३ ते ६ आठवडे चालतो आणि वारंवार त्रास उलटणाऱ्यांना पुढेही औषध लागतं, कधी रोज, कधी आठवड्यातून तीनदा. ते डॉक्टर ठरवतील. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या सुजेत वाढणाऱ्या प्रथिनावरून सूज उरली आहे का याचा अंदाज येतो. मेसालामाइन चालू असताना मधूनमधून क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) तपासायला सांगतात, ती चाचणी चुकवू नका. औषध सुरू केल्यावर ताप, पुरळ आलं किंवा जुलाब उलट वाढले तर ते सोसत नसेल, लगेच कळवा.

बाकीच्या गोष्टी

गंमत म्हणजे या आजारात अनेकांना बद्धकोष्ठ असतं. खाली सूज, वर मळ अडकलेला. अशा वेळी डॉक्टरांना विचारून इसबगोल चालतो. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनानं घेऊ नका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर काहींचा आजार भडकतो, पॅरासिटामॉल बरं.

सावजीच्या तर्रीनं हा आजार होत नाही. त्रास चालू असताना तिखट झोंबतं आणि कळ वाढते, एवढंच. तेव्हा थोडे दिवस सोडा. वर्षभर नुसत्या ताक-भातावर राहिलात तर वजन उतरेल आणि आधीच रक्त जाऊन कमी झालेलं हिमोग्लोबिन आणखी खाली जाईल.

ताप, पोट फुगून दुखणं, चक्कर, छातीत धडधड किंवा दिवसात सहा किंवा त्याहून जास्त वेळा रक्ताचं शौच होत असेल तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टीत जा, आणि जाताना आजवरच्या औषधांच्या चिठ्ठ्या, खालून घेतलेल्यासुद्धा, सोबत न्या.