कोर्समधल्या बटणावर माउस नेला की काय व्हावं

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी मी ऑनलाइन ट्रेनिंग कोर्स बनवते. मागाची सुरक्षितता, कांडी भरणं, तुटलेला धागा जोडणं असे विषय. शिकणाऱ्यांतले निम्मे सुपरवायझरच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर बसतात, बाकीचे मोबाइलवर. एवढं डोक्यात ठेवून बटणाचा हॉवर इफेक्ट, म्हणजे माउस वर नेल्यावर दिसणारा बदल, ठरवायचा.

हॉवरनं एकच गोष्ट सांगावी: इथं दाबता येतं. त्याहून जास्त काम त्याच्यावर टाकलं की ते अंगाशी येतं.

स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण निवडा, खाली स्टेट्स पॅनेलमध्ये जाऊन ‘एडिट स्टेट्स’ दाबा. तयार बटणाला हॉवरची अवस्था बहुतेक वेळा असतेच; मागाच्या फोटोवर धोटा, फणी, बीम दाखवणारे गोल टाकले असतील तर ‘न्यू स्टेट’मधून जोडावी लागते. तिथं रंग बदला, ‘डन एडिटिंग स्टेट्स’ दाबा, संपलं. वेगळा ट्रिगर, म्हणजे ‘अमुक झालं की तमुक कर’ असा आदेश, लावू नका. हॉवर, डाउन (दाबताना), व्हिजिटेड (दाबून झाल्यावर) या अवस्था आपसूक चालतात. वर आपला ट्रिगर चढवला की दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

रंगाचं म्हणाल तर मूळ बटण मध्यम निळं आणि हॉवरला गडद निळं, वर पांढरी अक्षरं, हे माझं ठरलेलं. हॉवरला फिका रंग द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण फिक्या बटणावर पांढरी अक्षरं बुडतात. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीनुसार साध्या आकाराच्या अक्षरांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा आणि हॉवरच्या रंगालाही तोच नियम. लोक मूळ रंग तपासतात, हॉवरचा राहून जातो.

प्रश्नमंजूषेत मात्र हिरव्या आणि लाल रंगाला हॉवरमध्ये हात लावू नका. पर्यायावर माउस नेला आणि तो हिरवा झाला, की शिकणारा म्हणणार, ‘हेच बरोबर!’ आणि हॉवर व सिलेक्टेड या दोन अवस्था सारख्या दिसल्या तर आणखी घोळ: उत्तर निवडलंय असं समजून माणूस थेट ‘पुढे’ दाबतो. म्हणून निवडलेल्या पर्यायाला मी बरोबरची खूण देते. हॉवरला नुसती रंगाची छटा.

आता आपल्या लिपीची गोष्ट, जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. हॉवरला अधोरेखा देऊ नका. ‘पुढे’ या शब्दाखाली रेघ आली की ती पहिल्या उकारातून आरपार जाते. आमचे कोर्स मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही लागतात. तिथं जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो, म्हणजे रेघेनं वाचणंच अवघड. अक्षरं ठळक करणंही टाळा. ठळक झाली की शब्द रुंद होतो, ‘उत्तर तपासा’ दोन ओळींत मोडतं आणि बटण उडी मारतं.

उडीवरून आठवलं. बटण हॉवरला वर उचलायची फॅशन आहे. माउस बटणाच्या खालच्या कडेवर असेल तर बटण वर सरकतं, माउस बाहेर पडतो, बटण खाली येतं, माउस पुन्हा आत. नुसती थरथर. उचलल्याचा भास हवाच असेल तर बटण जागेवर ठेवून सावली वाढवा.

स्वतः सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारा कोड) लिहीत असाल तर ट्रान्झिशन, म्हणजे रंग बदलायला लागणारा वेळ, १५० ते २०० मिलिसेकंद पुरे. ते मूळ बटणाच्या नियमात लिहा, हॉवरच्या नाही. नाहीतर माउस आत जाताना रंग हळू बदलतो आणि बाहेर येताना खाडकन परततो. जे हॉवरला दिसतं ते कीबोर्डच्या फोकसलाही (टॅब दाबत बटणावर आल्यावर) दिसू द्या, वर ठसठशीत कडा द्या.

मोबाइलवर बोट तरंगत नाही, म्हणजे हॉवर नाहीच. उलट बऱ्याच फोनवर बटण दाबल्यानंतर हॉवरचा रंग चिकटून राहतो, दुसरीकडे दाबेपर्यंत जात नाही. त्यासाठी हॉवरचे नियम ‘हॉवर करता येणारं उपकरण’ ओळखणाऱ्या मीडिया क्वेरीत टाका. आणि फणीचं नाव किंवा ‘माग चालू असताना हात घालू नका’ ही सूचना हॉवरवर उमटणाऱ्या चौकटीत कधीच लपवू नका. मोबाइलवाल्यांना ती दिसणारच नाही. नाव चित्रावरच छापा, सूचना दाबल्यावर उघडा.

हॉवरला ‘टिक’ आवाज जोडा, अशी मागणी हमखास येते. मी नाही म्हणते. शेडमध्ये माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं टिक कुठली! आणि केबिनमध्ये चौघं एकदम कोर्स उघडून बसले की डोकं उठतं.